निऱ्यांचा दगड

३ ऑक्टोबर
संध्याकाळी पुन्हा आवाज. जमिनीच्या पोटातून, दगडांचा ट्रक रिकामा केल्यासारखा. आईने फळीवर पालथ्या तांब्यावर फुलपात्र ठेवलंय, ते खणकन खाली आलं. सगळे अंगणात. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आई शाळकरी पोर होती. हादरा कळायची ही युक्ती तेव्हापासूनची. घर दगडमातीचं, वर मातीचं जड माळवद.

५ ऑक्टो.
अख्खी गल्ली बाहेर झोपते. दवाने दादांचा दमा वाढलाय. पारावर शेजारच्या वसंतकाकांनी अडवलं.
"तू दगडाचंच शिकलीस न्हवं? मग सांग, भूकंप हाय का न्हाई?"
म्हटलं, तसं कुणालाच सांगता येत नाही.
"मग कावून येवढं शिकली? तेवढं तर आमचा कोंबडा बी सांगतो."
सगळे हसले. मीही. 

६ ऑक्टो.
कॉलेजच्या सरांना फोन. "पावसाचं पाणी भेगांत शिरलं की आवाज होतात. लोकांना घाबरवू नकोस." बहुतेक तसंच असेल. बहुतेक.

७ ऑक्टो.
पेटीतून तो तुकडा काढला. सरांनी प्रकल्पासाठी दिलेला, खोल बोअरमधला. आपल्या काळ्या पाषाणाच्याही खालचा, फार जुना खडक. काळे-पांढरे पट्टे, दाबाने घड्या पडलेले. आईने हातात घेतला.
"ह्या तर पातळाच्या निऱ्या."
मग तिचं बोट थांबलं. एका निरीत चीर. पट्टा तिथून नखभर खाली सरकलेला.
"हितं काय झालं?"
"वाकला तेवढा वाकला. मग तुटला."
"कवा?"
"माणूस नव्हता तेव्हा."
"आन् परत?"
जुनी चीरच पुन्हा सरकू शकते, हे शिकलेय. आपल्या गावाखाली तशी आहे का, ते ठाऊक नाही. हे तिला कसं सांगू?

९ ऑक्टो.
परवापासून आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, दादांना दवात झोपवू नका. दादा म्हणतात, "माझी पोरगी म्हणल तसं. आत तर आत." वसंतकाकांची सून तान्ह्याला घेऊन कुंपणाशी आली. "ताई, तुमी आत गेलात की आमी बी जातो."
एकटं आमचं घर असतं तर...
लिहायचं निमित्त करून बसलेय. दादा खोकतायत. आईने फुलपात्र पुन्हा तांब्यावर ठेवलं. वळकटी काखेत घेऊन उंबऱ्यावर उभी आहे.
"सांग माय. आत का भाईर?"
सून अजून कुंपणाशीच.