अंजिराच्या झाडावरच्या नऊ पिशव्या

बेरी,
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९८४

लाडक्या लोरेल,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. बाळ होईपर्यंत, म्हणजे अजून आठ आठवडे, पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही असं डॉक्टर म्हणाले, हे वाचून आधी काळजी वाटली आणि मग हसूच आलं. तू आणि पडून राहणार! गोवर आला होता तेव्हा बाबांनी तुला खिडकीतून दोनदा परत आत ढकललं होतं. पण या वेळी ऐक बाई. त्या पोर्ट पिरीच्या हॉस्पिटलातल्या नर्सेस तुला पुरून उरतील अशी आशा करते.

इकडे आमचं बरं चाललंय. द्राक्षांचा हंगाम सुरू झालाय, वायनरीच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत जाते. रेक्स पहाटेच वजनकाट्यावर हजर असतो. परवा म्हणाला, "ग्लेनिस, तू कितीही साबण लाव, गांधीलमाश्या तुझ्याच मागे लागतात. माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत." वीस वर्षांच्या संसारात त्याने माझी केलेली ही एवढीच स्तुती.

तुझ्या शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी विचारलंय ना, खोक्यातली वाइन बाटलीपेक्षा खरंच बरी का? त्यांना सांग, अकरा वर्षं त्या पिशव्या भरणारी बाई सांगतेय: बरी. स्वस्त पडते, फुटत नाही, नदीकाठी सहलीला नेता येते. बाटली एकदा उघडली की तिसऱ्या दिवशी तिचा व्हिनेगर होतो. खोक्यातली चंदेरी पिशवी मात्र वाइन काढावी तशी आक्रसत जाते, आत हवा शिरतच नाही, त्यामुळे दीड महिना चव जशीच्या तशी राहते. हे मी वायनरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही बडबडेन. आईलाही मीच सांगितलं होतं.

आता आईबद्दल लिहायलाच हवं. दोनदा तुला फोन लावला. तुझा आवाज ऐकला की जीभ रेटत नाही, आणि मी आपली उन्हाबद्दल बोलत राहते. तुझ्या लक्षात आलं असेलच.

बाबा होते तेव्हा घरात बाटली कधी उघडायची ते आठवतं? पाद्री जेवायला आले, आपण दोघी माहेरी आलो, कुणाचा वाढदिवस असला तर. एरवी नाही. एकटीसाठी बाटली उघडायची म्हणजे उरलेली ओतून द्यायची, आणि आईला वाया घालवणं जन्मात जमलं नाही. बाबा गेल्यावर मनगटांनीही दगा दिला. वीस वर्षं बेदाणे वाळवायच्या रॅकवर द्राक्षं पसरली, ती अशी वसूल झाली. तिला बूच ओढता येईना. वायनरी दर शुक्रवारी प्रत्येक कामगार-कुटुंबाला एक खोका देते. मी आणि रेक्स दोघेही बिअरवाले, म्हणून मी आमचा खोका तिला नेऊन द्यायला लागले. तोटी बोटाने दाबली की झालं! किती कौतुक वाटलं होतं मला माझं. बाटलीला निदान पाहुणा लागायचा गं. खोक्याला कुणीच लागत नाही, आणि तो कधी संपत आलाय तेही बाहेरून दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे त्या बाईंना सांगू नकोस. त्यांचा काय दोष.

नाताळात तुझ्याही लक्षात आलं असणार. तू म्हणालीस, "आई दुपारची फार झोपते गं हल्ली." मी म्हटलं, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे. मला तसंच वाटत होतं, किंवा वाटून घेत होते. पण नंतर धीर सुटला, आणि तुम्ही गेल्यावर मी तिला बजावलं, हा खोका संपेपर्यंत दुसरा आणणार नाही. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने फुली मारली, तारीख घातली. दर रविवारी जायचे, ती पाठमोरी असली की खोका उचलून वजन बघायचे. पहिल्या रविवारी जड. दुसऱ्या रविवारी जड. पाच आठवडे तोच खोका, तीच फुली! मला इतकं हलकं वाटलं की तुला पत्र टाकलं: आई ठणठणीत आहे, तुझ्या टॅमसिनला खुशाल आजीकडे पाठव.

त्या पत्रावर तू विसंबलीस.

गेल्या शनिवारी मी अवचित गेले. आई अंगणात शिडीवर उभी होती, अंजिराच्या झाडाला रिकामी चंदेरी पिशवी बांधत. आपल्याकडे पाखरं उडवायला सगळेच बांधतात, त्यात काही नाही. पण मी मोजल्या.

"आई, हे काय?"

"पाखरांसाठी गं. मेली एक अंजीर शिल्लक ठेवत नाहीत."

"नऊ पिशव्या आहेत."

"पाखरंही पुष्कळ आहेत."

मी तडक स्वयंपाकघरात जाऊन खोका फाडला. बाहेर माझी फुली, आत नवीकोरी, भरलेली पिशवी. दुकानातून नवा खोका आणायचा, त्यातली पिशवी काढून माझ्या फुलीच्या खोक्यात घालायची, नवा पुठ्ठा चुलीत जाळायचा. पाच आठवडे मी वजन कसलं बघत होते? लोरेल, अकरा वर्षं मी त्या पिशव्या खोक्यात घालण्याचा पगार घेते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही!

"मला वेडी समजलीस का?" मी ओरडले.

"वेडी नाही, भोळी. बाबांवर गेलीस." मग तिचाही आवाज चढला. "आणि तू माझी सासू आहेस का गं, माझ्या घरात येऊन खुणा करायला?"

रविवारी मी तिच्या गाडीची किल्ली घेऊन आले. सोमवारी ती तीन किलोमीटर भर उन्हात चालत दुकानात गेली आणि खोका काखेत धरून परत आली, असं शेजारच्या मावीसबाईंनी सांगितलं. उन्हात रस्त्यात पडली असती तर? मी किल्ली परत दिली. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणे, "त्याला घेऊन ये इकडे, दोघं मिळून पिऊ." मी हात टेकले. खरंच टेकले.

आता जे दीड महिना गिळून बसलेय ते लिहिते. यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

नाताळानंतर टॅमसिनला आईकडे सोडून तू आणि क्लाइव्ह दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात, तो दिवस. परत आलात तेव्हा टॅमसिनचे कपडे दोरीवर वाळत होते आणि मी सांगितलं, होजपाइपने खेळत होती. खेळत नव्हती. मी अकराच्या सुमारास सहज डोकावले तर आई खुर्चीत, तोंड उघडं, हलवलं तरी उठेना. पोर घरात नाही. मी धावत मागे गेले. ती पाटात उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात. काठाच्या शेवाळावरून पाय घसरत होता, वर येता येत नव्हतं. एक चप्पल वाहून गेली होती, दुसरी तिने छातीशी धरली होती. रडतही नव्हती. मला म्हणाली, "आजी ऐकतच नाहीये." किती वेळ हाका मारत होती, देव जाणे.

मी तिला कोरडं केलं, आइस्क्रीम दिलं आणि सांगितलं, "तुझ्या आईला हे सांगायचं नाही." चार वर्षांच्या लेकराला मी खोटं शिकवलं. तू आईवर चिडशील, तुमचा नाताळ नासेल, एवढंच तेव्हा दिसत होतं.

येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी, अठराला, क्लाइव्ह तिला घेऊन येणार आहे. तू म्हणशील, तुझ्याकडे ठेव. मी रजा मागितली. फोरमन म्हणाला, "एप्रिलनंतर माग, महिनाभर देतो." सध्या मी आणि रेक्स दोघंही बारा-बारा तास बाहेर असतो. दिवसभर तिला आईकडेच सोडावं लागेल, म्हणजे पुन्हा तेच. क्लाइव्हला कामाची पाळी, त्याची आई शुश्रूषागृहात, तू पलंगाला खिळलेली. सगळं उलटंपालटं करून पाहिलं. मला मार्ग दिसत नाही. दिसला असता तर हे पत्र एवढं लांबलं नसतं.

काल संध्याकाळी आईला सांगायला गेले, की मी लोरेलला सगळं कळवणार आहे. ती तुझ्या जुन्या खोलीत टॅमसिनचं अंथरूण घालत होती. उशीचा नवा अभ्रा शिवलाय, त्यावर बदकं आहेत. मनगट दुखत असताना शिवलाय. मी तोंड उघडायच्या आत ती पलंगाच्या कडेवर बसली. तिला त्या दिवसाचं काही माहीत नाही असं मी समजत होते.

"ग्लेनिस, त्या दिवशी पोरीची एकच चप्पल होती," ती म्हणाली. "दुसरी मला चार दिवसांनी पाटाच्या जाळीत सापडली."

मी तिच्या शेजारी बसले, तशी ती पुढे म्हणाली:

"तिला येऊ देऊ नकोस. लोरेलला तू लिही. मी लिहायला बसले होते, पण आजी आहे मी. आजीने असं कसं लिहायचं?"

मग ती उठली आणि चादरीचं टोक गादीखाली खोचत राहिली.

टॅमसिनला पाठवू नकोस, लोरेल. कुठे ठेवायची ते मला सांगता येत नाही, पण इथे नको. हे आईचं म्हणणं आहे, आणि माझं.

तुझी, हे डिसेंबरातच सांगायला हवं होतं ती बहीण,
ग्लेनिस