शुक्रवारी लूम चालू

७ फेब्रु., शुक्र.
आमचा कापडाचा कारखाना बघायला सरकारी टीम येऊन गेली. मीच आजचा दिवस सांगितला होता. आठवड्याची सुट्टी, लूम बंद, खडखडाट नाही, निवांत बोलता येईल. बोलले पण पोटभर. बाहेरच्या देशातलं कापड आमच्याहून स्वस्त येतं, जुन्या लूमवर टिकाव लागत नाही, नव्या मशीनसाठी सरकारने हात द्यावा. साहेबांनी मान डोलावली, चहा घेतला. छान झालं.

१० फेब्रु., सोम.
कसलं छान! टीमचा शेरा: कारखाना बंद. मदत फक्त चालू कारखान्याला. अक्कल कुठे गहाण ठेवली होती मी? थोरल्या दिरांना, हमीदभाईंना, आयतंच निमित्त मिळालं. हे गेल्यापासून कारखाना अर्धा माझा, अर्धा त्यांचा. त्यांना तो गोडाऊनला भाड्याने द्यायचाय. आणि आत भरणार काय, तर तेच बाहेरचं कापड. माझ्या छपराखाली! रडू नाही आलं, संताप आला.

११ फेब्रु., मंगळ.
ठाण्याच्या सरकारी ऑफिसात गेले. मॅडम बऱ्या वाटल्या, पण भिवंडीत लूमला शुक्रवारी सुट्टी असते हे त्यांच्या गावीच नाही. म्हटलं, "बाहेरच्या कापडाला दार सरकारनेच उघडलं ना? माल येऊ दे. पण आम्हाला त्याच्यासमोर उभं तरी करा." त्यांनी मग फोन लावला. टीम परत येणार. कधी? तर शुक्रवारी. दुसरा दिवस मिळणार नाही.

१३ फेब्रु., गुरु.
सुट्टी कारागिरांच्या हक्काची, जबरदस्ती कशी करू? बदली सुट्टी देते म्हटलं. रामसुरत चाचा सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे. म्हणाले, "चलाएँगे, आपा. नमाज के टाइम हम हैं ना." हमीदभाईंनी एवढंच कबूल केलं: टीमने चालू लिहिलं तर ठीक, नाहीतर परवा गोडाऊनवाल्याला होकार.

१४ फेब्रु., शुक्र.
सकाळपासून सगळे लूम चालू. जुम्म्याला कोण खडखडवतंय म्हणून गल्ली बघायला आली. दुपारी बाकीचे नमाजला गेले तेव्हा रामसुरत चाचा आणि मी, दोघांनी तुटलेले धागे जोडत लूम चालू ठेवले. हमीदभाई मशिदीतून परतताना दारात थांबले. कोपऱ्यातल्या लूमवर धागा तुटला होता, तो आत येऊन जोडला आणि गेले.

चार वाजले. गाडी नाही अजून. आली तरी या आवाजात साहेबांना माझं काही ऐकू जाणार नाही. नाही तर नाही. मागच्या शुक्रवारी सगळं ऐकलंच होतं त्यांनी.