खनिज संग्रहालयाची पाहणी

चि. थोरलीस,

अनेक आशीर्वाद. तुझी, जावईबापूंची आणि दोन्ही नातींची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. नसल्यास ती लवकर उत्तम करून घ्यावी, कारण पुढील मजकुरासाठी ते आवश्यक आहे. माझा रक्तदाब मर्यादेत आहे, झोप बेताची आहे, आणि गुडघ्यांविषयी मी हल्ली कोणाशी बोलत नाही. स्वयंपाकघरातील गॅसची नळी बदलून घेतली. तुझ्या आईची कुंड्यांतील झाडे जिवंत आहेत. एक तर माझी देखरेख असूनही वाढते आहे.

आता मुख्य विषय. तो अतिशय आनंदाचा असल्यामुळे मी तो शांतपणे सांगण्याचा प्रयत्न करतो. तुमची सहल ठरली! (उद्गारचिन्हाबद्दल क्षमस्व. अग्निसुरक्षा निरीक्षक म्हणून इतकी वर्षे अहवाल लिहिले, त्यांत हे चिन्ह एकदाही आले नाही. एका चित्रपटगृहाला खरोखर आग लागली होती, तेव्हाही नाही.) मागे फोनवर मी सहलीचा विषय काढला, तेव्हा तू म्हणालीस, "राहू दे ना बाबा. आई नाही, धाकटी तिकडे परदेशात. आता कसली सहल!" तुझे बरोबर होते, म्हणून मी गप्प बसलो. परंतु तेवढ्यात तुझ्या मागून धाकट्या नातीचा आवाज आला, "पण आजी म्हणाली होती, पुढच्या वेळी आम्ही पण!" त्यावर तू फोन घाईघाईने ठेवलास. मी मात्र बराच वेळ तो हातात धरून बसलो होतो. तुझ्या आईने दिलेला शब्द आणि तो पाळला गेला नाही, असे माझ्या माहितीत तरी कधी घडलेले नाही. आता ती नसताना ते घडावे, आणि तेही आपल्या दोघांच्या हातून, हे मला मुळीच मान्य नव्हते.

तेव्हा ठरवले की यंदा आईच्या जागी तू, मुलींच्या जागी तुझ्या मुली, आणि आखणी माझी. आखणीला आधार भक्कम होता. दर सुट्टीत तुझी आई तुम्हा दोघी बहिणींना घेऊन त्या शहरात जाई. तुमची लग्ने झाली तरी नाती घरी ठेवून तुम्ही तिघी जातच राहिलात. मला कधी नेले नाही. (मी आलो की सहलीची तपासणी होते, असे तुम्हा तिघींचे एकमत होते. मी ते मनाला लावून घेतले नव्हते. थोडे घेतले होते.) त्याऐवजी तुझी आई रोज संध्याकाळी फोन करून मला दिवसभराचा वृत्तान्त देई. आज बागेत बसलो, आज वाचनालय पाहिले, आज खनिज संग्रहालयात गेलो, किती शांत वाटले म्हणून सांगू. खनिज संग्रहालय तिला विशेष प्रिय होते. तिथे ती दरवर्षी जाई. त्या दिवशी फोन तिथूनच येई, आणि मागे मोठा गलका ऐकू येई; मी विचारले की म्हणे, "अहो, शाळेची सहल आली आहे." दरवर्षी नेमकी त्याच वेळी शाळेची सहल येते, याचे मला कौतुकच वाटे. मी कचेरीत सर्वांना सांगत असे, की माझ्या कुटुंबाला दगडांची आवड आहे.

या माहितीवर सहल कागदावर उत्तम उभी राहिली. परंतु जागा स्वतः पाहिल्याशिवाय मी आजवर कशालाही मंजुरी दिलेली नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी एकटाच तिथे जाऊन आलो. (तुला दातांच्या डॉक्टरांकडे दोन-तीन दिवस जावे लागणार आहे असे सांगितले होते. त्याबद्दल पुढे लिहितो.) सोबत टॉर्च, शिट्टी, दाराखाली सरकवायची लाकडी पाचर, आणि तिकिटे ठेवायला तुझ्या आईची ती मोठ्या बकलाची तपकिरी पर्स घेतली. ती दारामागच्या खुंटीवर नुसतीच लटकलेली असते. तिला कप्पे पुष्कळ आहेत, एवढाच हेतू. गाडीत समोरच्या बाई पर्सकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत होत्या. शेवटी मी त्यांना कप्पे उघडून दाखवले, तेव्हा त्यांनी जागा बदलली.

शहरात उतरल्यावर पहिली पाहणी स्टेशनसमोरच्या चौकाची. धाकट्या नातीला तो रस्ता कसा दिसेल, हे उभ्याने कळणे अशक्य होते; म्हणून मी तिच्या उंचीवर येण्यासाठी पदपथाच्या कडेला उकिडवा बसलो. तुला सांगतो, दृश्य पूर्ण बदलते. समोरचा दिवा दिसत नाही, फक्त चाके आणि कुत्री दिसतात. (निष्कर्ष : या चौकात तिला कडेवर घेणे.) निष्कर्ष काढून उठू लागलो, तर गुडघ्यांनी नकार दिला. भोवती माणसे जमली. एका बाईंनी पाणी दिले, एका गृहस्थाने डोक्यावर वर्तमानपत्र धरले, आणि वाहतूक पोलिसाने रहदारी थांबवून मला दोन्ही काखांत हात घालून उभे केले. "आजोबा, घरचं कुणी नाही का बरोबर?" त्याने विचारले. मी म्हणालो, "नाही. त्याचीच व्यवस्था लावायला आलो आहे." त्याने माझ्या शर्टाची धूळ झटकली आणि मला थेट हॉटेलच्या पायरीपर्यंत आणून सोडले. चौक सुरक्षित आहे.

हॉटेल तेच, तुमचे नेहमीचे. काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. मी हात मागे बांधले, मान ताठ केली, आणि कोणत्याही इमारतीत शिरताना विचारतो तो माझा प्रश्न विचारला, "संकटकाळी बाहेर पडायचे दार कुठे आहे, आणि ते..." त्यावर त्या बाईंनी पेन खाली ठेवून, अगदी माझ्याच आवाजात तो पूर्ण केला, "...आत उघडते की बाहेर?" आणि मग ओरडल्या, "अगंबाई! तुम्हीच ते! अहो, सगळे बाहेर या, 'आत की बाहेर' आलेत!" स्वयंपाकघरातून आचारी आला, हातात उलथणे तसेच. जिन्यावरून झाडूवाली आली. लिफ्टमधून धोब्याचे गाठोडे आणि त्यामागून धोबी आला. मंडळी माझ्याकडे अशी पाहत होती, की जणू गोष्टीतला प्राणी प्रत्यक्ष चालत आला आहे. आचारी म्हणाला, "आम्हाला वाटायचं बाई वाढवून सांगतात. तर काय, तसंच! हात पण मागे!"

तेव्हा उलगडा झाला. तुझी आई दरवर्षी तिथे पोचली, की सामान खाली ठेवण्याआधी हात मागे बांधून माझी ही नक्कल करी. तुम्ही दोघी हसून खुर्चीत कोसळत असा. आणि मंडळी वर्षभर तिची वाट पाहत. (तुम्ही दोघी. म्हणजे तू यात होतीस. हे मी केवळ नोंदवतो आहे.) मी बाईंना शक्य तितक्या कोरडेपणाने विचारले, की ही थट्टा झाल्यावर पुढे काय होई? त्या म्हणाल्या, "पुढे काय, चहा. पण त्याआधी बाई स्वतः मागच्या जिन्याला जाऊन ते दार ढकलून बघायच्या. दर वर्षी. एकदा अडकलं होतं, तर आमच्याकडून लगेच तेल घालून घेतलं." मी जाऊन दार ढकलले. ते बाहेर उघडते. अगदी हलके उघडते. परत आलो तेव्हा बाईंनी हळूच विचारले, "बाई नाही आल्या?" मी सांगितले. आचाऱ्याने न विचारता ऑम्लेट आणून ठेवले, आणि ते गार होईपर्यंत माझ्या समोर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आखणीतील मुख्य स्थळी, म्हणजे खनिज संग्रहालयाकडे निघालो. तुझी आई फोनवर सांगायची तो पत्ता मला पाठ आहे : घड्याळाच्या मनोऱ्यामागची गल्ली, छत्र्यांच्या दुकानाशेजारी. तिथे पोचलो, तर पत्र्याची एक मोठी शेड, वर लाल-पिवळे दिवे, आणि आतून अशी किंकाळी, की माझा हात आपोआप शिट्टीकडे गेला. खिडकीतल्या माणसाला मी म्हणालो, "खनिज संग्रहालयाचे एक तिकीट द्या." तो म्हणाला, "कसलं संग्रहालय?" मी म्हणालो, "खनिज. दगड. शांत असते ते." तो मागे वळून ओरडला, "अरे, हे काका दगड मागतायत!" थोरले, ती शेड म्हणजे, तुला तर ठाऊकच आहे, विजेवर चालणाऱ्या आणि एकमेकांवर आपटायच्या गाड्यांची होती. मुले ज्यांना डॅशिंग कार म्हणतात, त्या. अपघात टाळणे हेच ज्याचे सारे आयुष्य, त्याची पत्नी आणि दोन्ही कन्या दरवर्षी तिकीट काढून अपघात करायला जात होत्या, आणि संध्याकाळी मला अभ्रकाचे वर्णन ऐकवीत होत्या!

मी रागावलो आहे, असे तुला वाटत असेल. मलाही वाटले होते. मी रागावण्याच्या तयारीने आत गेलो. तिथे शिट्टी वाजवून गाड्या सोडणारे एक पोटसुटे गृहस्थ होते, त्यांनी माझ्याकडे न पाहता पर्सकडे पाहिले आणि म्हणाले, "ही तर पर्सवाल्या काकूंची!" मग त्यांनी सांगितले ते असे. पोरी दोघी एका गाडीत बसत, काकू दुसऱ्या गाडीत एकट्या. शेजारच्या जागेवर पर्स ठेवीत, तिला पट्टा बांधीत, आणि फेरी संपेपर्यंत त्या पर्सवर ओरडत असत, "अहो, घाबरता काय! धरून बसा नीट!" गृहस्थ म्हणाले, "सगळ्यांत जोरात काकूच आपटायच्या. आम्ही विचारायचो, बाजूला कोण बसलंय? तर म्हणायच्या, आमचे हे. आणलंय एकदाचं."

प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय अहवाल अपुरा राहिला असता, म्हणून मी तिकीट काढले. पर्स शेजारी ठेवली, पट्टा बांधला. (तो चालू स्थितीत आहे.) गाडी आधी कोपऱ्यात अडकली, कारण मी सर्वांना वाट देत होतो. एका शाळकरी मुलीने येऊन मला मागून इतक्या जोरात धडक दिली, की चष्मा कपाळावर गेला. मी तिला नियम समजावू लागलो. तिने तेवढ्यात पुन्हा दिली. मग मात्र, कसे झाले सांगता येत नाही, मी चाक पूर्ण फिरवले, पाय दाबला, आणि त्या मुलीला, तिच्या वडिलांना, आणि ज्यांचा काहीही संबंध नव्हता अशा एका जोडप्याला ओळीने धडक दिली. कोणीतरी मोठमोठ्याने हसत होते. आवाज ओळखीचा वाटला, पण बऱ्याच दिवसांत ऐकला नसल्यामुळे तो माझाच आहे हे कळायला वेळ लागला. फेरी संपल्यावर मी पुन्हा रांगेत उभा राहिलो. पाहणी अपुरी होती.

तर आखणी अशी. सुट्टी लागली की निघणे. चौकात धाकट्या नातीला कडेवर घेणे. हॉटेलात काउंटरवर हात मागे बांधून तो प्रश्न विचारणे (मुलींना शिकवून ठेव; मंडळी वाट पाहत आहेत), आणि मग दार खरोखर ढकलून पाहणे. रोज सकाळी खनिज संग्रहालय. वाचनालय वगळले आहे. ते तिथे नाहीच, त्या जागी आइस्क्रीमचे दुकान आहे, आणि तेथील मालकालाही माझा प्रश्न पाठ आहे. बागेच्या जागी खरोखर काय असेल या भीतीने मी अजून तिकडे फिरकलेलो नाही.

जावईबापूंना नमस्कार, दोन्ही चिमुरड्यांना पापे. उत्तर फोनवर न देता लेखी दे. फोनवर तू मला काहीही सांगू शकतेस, हे आता सिद्ध झाले आहे.

तुझा,
बाबा

ता. क. खोली चार खाटांची घेतली आहे. तिघींना चौथी खाट कशाला, असे विचारशील. दाराजवळची आहे. सामान ठेवायला उपयोगी पडेल.

ता. क. २. दातांच्या डॉक्टरांची गोष्ट खोटी होती. परंतु त्या शाळकरी मुलीच्या तिसऱ्या धडकेत खालचा एक दात हलला असल्यामुळे, आता ती खरी झाली आहे.

ता. क. ३. एक अडचण लिहायची राहिली. शेडमध्ये पाटी आहे, की लहान मुलाबरोबर गाडीत मोठे माणूस हवे. गाडीत जागा दोघांची, आणि मुली दोन. म्हणजे तुझ्याखेरीज आणखी एक मोठे माणूस लागणारच. तो नियम आहे, त्याला माझा इलाज नाही. मी नातेवाइकांत चौकशी केली. सर्वजण कामात आहेत. एक सेवानिवृत्त गृहस्थ तेवढे मोकळे आहेत. त्यांना त्या वाहनाचा अनुभव आहे, आणि दाराजवळच्या खाटेवर सामानाशेजारी झोपायला त्यांची हरकत नाही.

ता. क. ४. ते आल्याने गंमत कमी होईल असे तुला वाटत असेल, तर स्पष्ट सांग. तुम्ही तिघीच जा, पण जा. आणि संध्याकाळी फोन करून मला दगडांविषयी सांग. मागे कसला गलका आहे, असे मी विचारीन. तू शाळेची सहल आली आहे म्हणून सांग. मी कौतुक करीन. मात्र माझे प्रामाणिक मत विचारशील, तर यंदा मला त्या गलक्यात असायचे आहे.