राणी अजून टेकडीमागेच आहे

प्रिय मनू,

जेवणाची सुटी झाली आहे आणि मी हॉलच्या जिन्यात बसून तुला लिहितो आहे. कागद म्हणजे तुझ्याच फौजेच्या यादीची कोरी बाजू. यादीच्या दोन प्रती आणा, असं टुर्नामेंटवाले म्हणाले होते, मी चार आणल्या. तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला जादा प्रतीशिवाय चैन पडत नाही. पाऊण तासाने दुसरा डाव आहे. वर जायची हिंमत होत नाही, आणि घरी पळून जायचीही होत नाही, म्हणून लिहायला बसलो. मांडीवर कागद धरून लिहितोय, अक्षर समजून घे.

तू या बाहुल्यांच्या लढाईच्या टुर्नामेंटला नाव दिलं होतंस हे मला कुठे माहीत होतं? तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला महिना झाला असेल, तेव्हा सौरभचा फोन आला. दोन मुलांचा बाप असून तुझ्याशी नियमांवरून तासतासभर भांडणारा तुझा तो खेळातला मित्र. म्हणाला, "काका, मनीषाचं नाव लिस्टमध्ये हाये. काढून टाकू का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नको काढू. मी येतो."

फोन ठेवला आणि आईला सांगितलं. तुझी आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुम्ही खेळायले जाता? बँकेत सही करताना हात कापते तुमचा." पण आज सकाळी डबा तिनेच भरून दिला. तो अजून उघडलेला नाही. खाली सगळे समोसे खात हसत-खिदळत आहेत.

तुझी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन मेट्रोने सीताबर्डीला आलो. प्रत्येक बोटभर बाहुलीच्या बुडाशी तू लोहचुंबक चिकटवलंस, त्यामुळे गाडीच्या धक्क्याने कुणी पडली नाही. तरी मी सगळ्या वाटेत झाकणावर हात ठेवून होतो. स्टेशनावर तपासणीच्या यंत्रात पेटी गेली, तर पडद्यावर नुसते काळे ठिपके. शिपायाने अडवलं, "अंकल, इसमें क्या है?" मी म्हणालो, फौज आहे. उघडून दाखवली तर तो बघतच राहिला. "पेंट किसने किया?" मी म्हणालो, मुलीने. पुढे, ती रंगकाम करते म्हणालो की करायची, ते आठवत नाही.

माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे, आपल्या जेवणाच्या टेबलावर झालेलं. केमो सुरू झाल्यावर तुला गर्दीत जायला बंदी आली. समोर बसवायला मीच उरलो. टेपने इंच मोजून माणसं पुढे सरकवायची, फासे टाकायचे, मेलेली बाजूला ठेवायची, आणि शेवटी टेबलावरच्या पाच ठाण्यांपैकी जास्त ठाण्यांवर ज्याची माणसं उभी, तो जिंकला. एवढा साधा खेळ. आणि मी दर वेळी माझी अख्खी फौज टेकडीमागे नेऊन दडवायचो. तू हसून लोळायचीस. "बाबा, हे लढायले आले का पेन्शन घ्यायले? हलवा ना गा. काहून लपवून राहिले?"

मी म्हणायचो, मरतील ना.

"मरू द्या. दुसऱ्या डावात उभे राहते ना परत." तू हे म्हणालीस की तुझी आई उठून स्वयंपाकघरात जायची. तुझ्या ते लक्षात यायचं का ग?

मी पहिल्यापासूनच भित्रा. पुण्याच्या टुर्नामेंटला एकटी जाते म्हणालीस, तेव्हा मी नाही म्हणालो. रात्रीची गाडी, अनोळखी शहर, कुणाची ओळख नाही. तू आठ दिवस बोलली नाहीस माझ्याशी. आणि दुखणं आलं ते कुठे आलं? घरात, माझ्या डोळ्यांदेखत. जाऊ द्यायला हवं होतं तुला. हे तेव्हा म्हणालो नाही, आता म्हणतो.

राणीला तू सगळ्यात शेवटी रंगवलंस. वाघिणीवर बसलेली तुझ्या फौजेची सरदारीण. तोवर बोटं बधिर व्हायला लागली होती तुझी. वाघिणीच्या डाव्या कुशीवरचे पट्टे वाकडे गेले. तू म्हणालीस, बरी झाले की पुसून पुन्हा काढीन. इथे रंगकामालाही गुण असतात म्हणून सौरभने ते नीट करून देतो म्हटलं, मी हात लावू दिला नाही.

आता आजचं सांगतो. पहिला डाव रायपूरहून आलेल्या एका दाढीवाल्याशी होता. त्याची भुतांची फौज. मी काय केलं असेल, तू ओळखलंसच. राणीला टेकडीमागे कोपऱ्यात उभं केलं, भोवती भालेवाल्या बायकांचं कडं केलं आणि पाचही फेऱ्या जागचा हललो नाही. त्याने आरामात एकेक ठाणं घेतलं. शेवटी तोच कंटाळला. "अंकल, आप आओगे नहीं तो मैं लड़ूँ किससे?"

मी सपाटून हरलो. पण टेबलावर पाहिलं तर तुझं एकही माणूस गेलेलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, म्हातारा हरल्यामुळे रडतोय. बिचाऱ्याने चहा पाजला.

दुसऱ्या डावाच्या नियमांचा कागद मात्र वेगळा आहे. सरदार स्वतः मधल्या ठाण्यावर जाऊन उभा राहिला, तरच गुण. म्हणजे राणीला बाहेर यावंच लागेल. मैदानाच्या मधोमध, चारी बाजूंनी उघडी. मी सौरभला गाठलं. म्हटलं, बाबा रे, ती पडली तर तू येऊन उचलशील का टेबलावरून?

 तो हळू आवाजात म्हणाला, "नाई काका. इथं ज्याचं त्यानंच उचलायचं असते. दुसऱ्याच्या बाहुलीले आपण हात नाई लावत."

नियम मला माहीत होता. एकदा मदत म्हणून तुझी मेलेली भालेवाली उचलली, तर माझ्या हातावर चापट मारली होतीस. तरी विचारलं. का विचारलं, ते आज तुला सांगून टाकतो.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात नर्सने दारातून हाक मारली, "पेशंटचे वडील, आत या." मी उठलो. दारापर्यंत आलो. आणि तुझ्या आईला म्हणालो, तू हो पुढे, मी फाइल शोधून आणतो. फाइल माझ्या काखेत होती, मनू. मी पाण्याच्या कुलरपाशी जाऊन उभा राहिलो. आईने सांगितलं, तू विचारलंस, "बाबा कुठी हायेत?" तिने हे एकदाच सांगितलं. त्यानंतर मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. घरून तुला शेवटचं उचलतानाही पुढे माझा हात नव्हता, तुझ्या काकाचा होता. मी अंगणात चपला शोधत होतो.

राणी प्लास्टिकची आहे, एवढं मलाही कळतं. मला भीती माझीच वाटते. ती पडेल, समोरचा माणूस अदबीने हात मागे घेऊन थांबेल, सगळं टेबल माझ्याकडे बघेल, आणि मी काहीतरी शोधायचं निमित्त काढून पुन्हा निघून जाईन. 

वर बोलावताहेत. सौरभ कठड्यावरून डोकावून गेला, हाक मात्र मारली नाही.

शब्द देतो तुला. पहिल्याच फेरीत राणीला टेकडीबाहेर काढीन. टेपच्या मापात बसेल तेवढं सगळं अंतर, इंचभरही मागे न राखता. आणि ती पडली, तर मीच उचलीन. दोन्ही हातांनी, सावकाश. मग डाव संपेपर्यंत तिच्याजवळ उभा राहीन. कुठेही जाणार नाही.

भित्राच, पण तुझा,
बाबा