ढेकूळ हातात दिलं

कॉव्हेंट्री, रविवार, १४ मे २००६

घर मीनाच्या नावावर करायचंय, पण लेक महिनाभर फॉर्मवर सही करेना. "बाबा, तुम्ही कुठेतरी निघालायत असं वाटतं हो."

आज सॉलिसिटरच्या पत्रातला 'फ्रीहोल्ड', म्हणजे जमिनीसकट कायमची मालकी, हा शब्द बघायला जुना कोश उघडला, तर त्यात 'सीझिन' भेटला. म्हणजे जमिनीचा ताबा. पूर्वी इथे मालक साक्षीदारांसमोर त्याच जमिनीतलं ढेकूळ नव्या मालकाच्या हातात ठेवायचा, की झालं! शाळेत कविता म्हणताना यायचा तसा काटा आला अंगावर. आपलं उदक सोडणंच की हे, फक्त पाण्याऐवजी माती.

मीनाला बागेत बोलावलं. शेजारच्या जोनबाई कुंपणापलीकडे साक्षीला. गुलाबाखालचं ओलं ढेकूळ लेकीच्या तळहातावर ठेवलं.

"ई बाबा, गांडूळ आहे यात!"

"तेही तुझंच."

हसता हसता रडली. ढेकूळ मात्र टाकलं नाही, किती वेळ धरून उभी होती. तिला खरंच पटलं, की म्हाताऱ्याचं मन राखलं? कोण जाणे.

हात धुवून आली आणि सही केली. म्हणाली, "आता मी मालकीण ना? मग ऐका. वरची खोली तुमचीच, नो आर्ग्युमेंट."

बरं, म्हटलं. लेकीच्या घरातली पहिली संध्याकाळ. छान वाटतंय.