सुकरीबाई हो म्हणेपर्यंत

ऊर्जानगर,
६ ऑगस्ट २०२४

ती. सत्यशीलाबाईस,
धाकट्या मुखरूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू मला अर्धं वाक्यही बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. कागद तरी मधात तोडता येत नाही.

तुझ्या भाचीच्या, आपल्या संघप्रियाच्या बँडचा पहिला अल्बम तयार झाला. बँडचं नाव 'दहावा संच'. वीजकेंद्रातल्या संचांच्या पुढचा नंबर आपला, असं ही पोरं म्हणतात. आठ गाणी आहेत. शेजारच्या कुंभारेभाऊंनी विचारलं, घरात मिक्सरचं भांडं फुटलं का. त्यांना समजावलं की यालाच रॉक म्हणतात.

सगळं ध्वनिमुद्रण मी केलं. माझ्याजवळ कोणत्या संस्थेचा कागद नाही. जुने अँप्लिफायर खोलून खोलून शिकलो, हे तुला माहीतच आहे. मागच्या खोलीच्या भिंतींना सात गोधड्या टांगल्या, खिडकीच्या फटीत पोतं कोंबलं. मुंबईच्या स्टुडिओवाल्यालाही फरक ओळखता येणार नाही.

आठवं गाणं तुझं. गेल्या महिन्यात संघप्रियानं शेताच्या धुऱ्यावर बसून तुम्हा अकरा जणींचं धानाच्या रोवणीचं गाणं टिपलं होतं, त्यावर बँड वाजतो. पण मूळ टिपण फार ओबडधोबड. दोन ओळींमधली जागा कधी तीन सेकंद, कधी साडेसहा. मी सगळ्या जागा बरोबर दोन सेकंदांच्या केल्या. मागून कोणीतरी 'हो' ओरडत होतं, तेही पुसलं. आता घड्याळासारखं चालतं.

प्रकाशन पाच ऑक्टोबरला आहे. पण आत्याच्या होकाराशिवाय ते गाणं बाहेर काढायचं नाही, असं पोरीनं ठणकावलंय. आणि त्या गाण्याशिवाय अल्बम अधू, हेही तीच म्हणते. आमचा ड्रमवाला विक्की तुमच्या बाजूच्या वडशाला घरी चाललाय, त्याच्याजवळ पेनड्राइव्ह देतो. ऐकून कळव.

तुझा,
मुखरू


पिंपळटोला, ता. कुरखेडा
१७ ऑगस्ट २०२४

चि. मुखरूस,
सत्यशीलाकडून मंगल कामना.

विहारातल्या स्पीकरवर तुझं गाणं लावलं. साऱ्या बाया जमल्या. पयले तं आपलेच आवाज ऐकून लाजल्या, हासल्या. मंग सुकरीबाई गुपचूप उठून घरी गेली. मी मागं गेली तं म्हणे, माह्या 'हो' काऊन काढला?

तू लय हुशार आहेस, पण रोवणी कधी केली नाईस. बाबानं तुले शाळेत धाडलं आन मले धानाच्या बांधीत. म्हणून सांगते तं ऐक. आमी रांगेनं वाकून मागं मागं सरकत रोवतो. हातातले पऱ्हे, म्हंजे धानाची रोपं, सरले की दुसरी पेंडी उचलायची, सोडायची. शेवटच्या टोकाले सुकरीबाई राह्यते. सत्तर वर्षांची, बोटं वाकडी, तिले वेळ लागते. तिची पेंडी सुटली की 'हो' म्हणते, तवाच मी पुढची ओळ उचलते. कोणी मागं राहू नये म्हणून गाणं थांबते. तू घड्याळ लावलं आन सुकरीबाईले रांगेतून हाकललं.

असं गाणं मले नाई पाह्यजे. काढून टाक. पोरीले राग आला तं माह्यावर येऊ दे. आन तुले पटत नसंल तं तुह्या दोन-दोन सेकंदांच्या घड्याळावर एक बांधी रोवून दाखव. कंबर गेली तं चोळाले तेल मी पाठवीन.

तुही,
सत्यशीला


ऊर्जानगर,
३० ऑगस्ट २०२४

ती. बाईस,
मुखरूचा जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा संघप्रियाला दिलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही सगळं मोजलं, विचारलं मात्र कोणालाच नाही. तिसऱ्यांदा एकटा बसून वाचलं.

मूळ टिपण मी जपून ठेवलं होतं. ते जसंच्या तसं घेतलं. पण बँडला जमेना. विक्की प्रत्येक जागी मनात आकडे मोजायचा आणि दर वेळी आधीच काठी हाणायचा. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मी त्याच्या कानातलं ठोके देणारं यंत्र काढून घेतलं. म्हटलं, मोजू नको, सुकरीबाईची वाट पाहा. ती 'हो' म्हणाली की मार. पोरगा काठ्या उगारून बसला, कपाळावरून घाम गळतोय. दूरवरून 'हो' आला आणि बँडमधल्या चौघांचे हात एकदम पडले.

नवा पेनड्राइव्ह सोबत आहे. या खेपेला सुकरीबाईला आधी ऐकव. तिनं नाही म्हटलं तर अल्बम सातच गाण्यांचा निघेल. खाली सही करतो, लेखी समज.

तुझा,
मुखरू


पिंपळटोला,
१४ सप्टेंबर २०२४

चि. मुखरूस मंगल कामना.

सुकरीबाईले खुर्चीवर बसवलं. तिचा 'हो' आला आन मागून तुमचे ढोल-गिटार कोसळले तं बुढी दचकली. मंग म्हणे, माह्या एका शब्दावर एवढं मोठं काम चालू होते? चारदा लावाले लावलं. तिची नात करिश्मा म्हणे, आजी आता घरात भांडे नाई घासणार.

होकार आहे. अट एकच. अकराही जणींची नावं छाप, आमी रांगेत राह्यतो त्याच क्रमानं. मी पयली, सुकरीबाई शेवटची. मधात हुशारी करू नको.

लवकर पिकणारा हलका धान कापाले येते, म्हणून प्रकाशनाले येणं होत नाई. पोरीले माही आठवण सांग, आन विक्कीले म्हण, शिकला.

तुही,
सत्यशीला


ऊर्जानगर,
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाईस,
मुखरूचा जयभीम.

चंद्रपूरच्या सभागृहात साडेचारशे खुर्च्या, मी स्वतः मोजल्या. त्या भरून लोक भिंतीला टेकून उभे. घुग्घुसच्या खाणीतली पोरं शिफ्ट संपवून तशीच आली होती. सात गाणी नाचून झाली आणि तुझा आवाज सुरू झाला. पहिल्या जागेला सगळं शांत झालं, तर वायर तुटली समजून कोणी शिट्टी मारली. तिसऱ्या जागेला कोणी हललं नाही. पाचव्या जागेला सुकरीबाईबरोबर सगळं सभागृह 'हो' म्हणून ओरडलं. दोनदा वन्स मोअर झाला. संघप्रिया गाता गाता रडली आणि नंतर म्हणाली, धूर लागला. तिथं धूर नव्हता.

नागपूरच्या पेपरात अर्धं पान आलंय, कात्रण सोबत आहे. अल्बमवर अकराही नावं तुझ्या रांगेच्या क्रमानंच छापली, मधात हुशारी केली नाही. नेटवर पंधरा दिवसांत एक्केचाळीस हजारांनी ऐकलं.

काल मुंबईहून एका संगीत मासिकाच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, आठव्या गाण्यात थांबण्याचं काम कमालीचं आहे, तुम्ही हे कोणत्या संस्थेत शिकलात. बाई, या प्रश्नाची मी वीस वर्षं वाट पाहिली. उत्तरही तयार होतं, की कोणत्याच नाही, सगळं स्वतः शिकलो. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं, सुकरीबाई मडावी, मुक्काम पिंपळटोला, तालुका कुरखेडा. त्यानं लिहून घेतलं आणि विचारलं, त्या शिकवण्या घेतात का. मी म्हटलं, घेतात. जुलैत या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

माया आहे तशी राहू दे, आणि रागावणंही.

तुझा धाकटा,
मुखरू