कागदमुक्त वकिलीचा पहिला महिना

सोमवार, ता. ३
ठरलं. महिनाअखेर माझं ऑफिस कागदमुक्त. जुने कॉम्प्युटर भंगारात, त्यांच्या जागी वेगळ्याच सिस्टीमवर चालणारे नवे. सोबत खास वकिलांसाठीचं सॉफ्टवेअर. तारखा तेच लक्षात ठेवतं, आपण फक्त कोर्टात उभं राहायचं. वकील संघाने ३० तारखेला माझं भाषण ठेवलंय, विषय 'कागदमुक्त वकिली'. विषय मीच सुचवला. भाषणही मीच सुचवलं.

बेकरीवाला येऊन गेला. खालच्या कोर्टात आपण हरलो, दुकान रिकामं करायचा हुकूम आहे. अपिलाची शेवटची तारीख २८. ती हुकली की बावीस वर्षांची भट्टी विझली. बिचाऱ्याला चहा पाजला. म्हटलं, निर्धास्त राहा, आता मशीन आहे.

बुधवार, ता. ५
मशीनं आली. सुरू करायचं बटण चाळीस मिनिटं सापडेना. शेवटी काकांना मागच्या बाजूला सापडलं, निव्वळ योगायोग. काका म्हणजे वडिलांच्या वेळचे आमचे कारकून. सगळ्या तारखा लाल कापडात गुंडाळलेल्या एका वहीत लिहितात. आज ती वही त्यांना कपाटात ठेवायला लावली, स्वतः कुलूप घातलं, किल्ली खिशात. काका नुसतं बरं म्हणाले. जुन्या माणसांना बदल पचत नाही.

पासवर्ड असा ठेवलाय की कुणाच्या बापाला कळणार नाही. सुरक्षित जागी लिहूनही ठेवलाय.

शनिवार, ता. ८
जुने दस्तऐवज नव्या मशीनवर उघडले. अक्षरांच्या जागी चौकोन, बाण आणि प्रश्नचिन्हं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, तुमचा जुना फॉन्ट इथे चालत नाही. टायपिस्टबाईंना म्हटलं, फार तर अकरा हजार पानं पुन्हा टाइप करावी लागतील. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

मंगळवार, ता. ११
गडबडीत एक भाडेकरार चौकोन-बाणांसकट छापून गेला. घरमालकाने सही केली, भाडेकरूनेही केली. दोघंही खूश. लोक न वाचता सह्या करतात, याची कीव येते. हा मुद्दा भाषणात घ्यायचा.

शुक्रवार, ता. १४
बेकरीच्या अपिलाची तारीख आणि मुद्दे मशीनमध्ये भरले. सॉफ्टवेअरने विचारलं, टीममध्ये कोण कोण? 'सर्व निवडा' असं एक सुरेख बटण आहे. दाबलं. फोनमधले सगळे आत आले. काल आम्ही तिघं होतो, आज दोनशे बारा. याला म्हणतात प्रगती.

सोमवार, ता. १७
पासवर्ड तीनदा चुकला. मशीनने मलाच बाहेर काढलं. सुरक्षित जागा कुठली ते आठवत नाही. माहितीपुस्तकही सापडत नाही. तशी घाई नाही. आठवण करून देणं हे मशीनचं काम, माझं नव्हे.

गुरुवार, ता. २०
दुपारी दाताच्या डॉक्टरांनी दाढ ठोकता ठोकता विचारलं, अठ्ठावीस तारीख लक्षात आहे ना? तोंड उघडं असल्याने बोलता आलं नाही. संध्याकाळी बायकोनेही तेच विचारलं. चपापलो. लग्नाचा वाढदिवस! म्हटलं, विसरेन कसा. गुपचूप फुलांची ऑर्डर दिली. आमच्या संसाराची डॉक्टरांनाही एवढी काळजी, मन भरून आलं.

मंगळवार, ता. २५
काकांनी सह्यांसाठी गठ्ठा पुढे केला. कागदाचा! पण भाषण पाठ करत होतो, म्हणून रागावलो नाही. झरझर सह्या करून टाकल्या.

शुक्रवार, ता. २८, सकाळी ११
विरुद्ध बाजूच्या वकिलांचा फोन. हसू दाबत म्हणाले, बेकरीच्या अपिलाची आज शेवटची तारीख आहे, असं तुमचं मशीन मला आठ दिवस रोज कळवतंय. सोबत तुमचे मुद्देही पाठवतंय. तिसरा जरा कच्चा आहे.

पायाखालची जमीन सरकली. अपील मशीनच्या आत, मी मशीनच्या बाहेर. बेकरीवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. नेमका तेव्हाच फुलवाला दारात.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
अपील दाखल आहे. परवाच झालं. काकांनी एक जुना कॉम्प्युटर भंगारात दिलाच नव्हता, अडगळीच्या खोलीत चादरीखाली ठेवला होता. बाईंनी त्यावर टाइप केलं आणि मंगळवारी मी सही केली. मला कुणी सांगितलं कसं नाही, असं जरा चढ्या आवाजात विचारलं. काका म्हणाले, तुम्ही वाचलं नव्हतंत का? विषय बदलला.

बेकरीवाला आला आणि काकांचे हात धरून रडला. फुलं काकांना दिली. आमच्या लग्नाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, असं बायकोकडून कळलं.

रविवार, ता. ३०
सभागृह गच्च भरलं होतं. मशीनने दोनशे बारा जणांना आमंत्रण दिलं होतं. अपिलाचा किस्सा कोर्टभर झाला होता, म्हणून संघाने ऐन वेळी वक्ता बदलला. वक्ते काका, मी परिचय करून द्यायचा. वीस मिनिटं दिला. काका दोन मिनिटं बोलले आणि टाळ्या थांबेनात.

परतताना ऑफिसात गेलो. म्हटलं, काकांची वही सन्मानाने परत करावी. कपाट उघडलं, लाल कापड सोडलं. आत वही नव्हतीच. नव्या मशीनचं माहितीपुस्तक होतं. पहिल्याच पानावर पेन्सिलने पासवर्ड लिहिलेला. अक्षर माझंच.